गल्लीचं सामान

वेतवालीची खोली गल्लीच्या तोंडाशीच होती. गल्लीत कुणीही शिरलं की पहिल्यांदा तिच्या दारावरून जायचं, आणि पत्ता विचारायचा असला की तिच्याच दाराशी थबकायचं. ती दारात बसून खुर्च्या विणायची. शेजारी पाण्याची बादली, बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, मांडीवर आडवी घेतलेली खुर्ची आणि दातांत धरलेली एखादी पट्टी. तोंड असं अडकलेलं असल्यामुळे पत्ता ती हातानेच सांगायची. बोटांच्या टोकांना वर्षानुवर्षं चिरा पडून पडून तिथलं कातडं टणक झालं होतं, आणि नवीन माणूस त्या बोटांकडेच बघत राहायचा.

ही विद्या तिला सासूने दिली होती. सासूने सुनेला छळल्याच्या गोष्टी जगात चिकार आहेत. या सासूने सुनेला खुर्ची विणायला शिकवलं आणि जे काही छळायचं होतं ते त्याच निमित्ताने छळून घेतलं. विणीतलं एक घर चुकलं तर अख्खी ओळ उसवायला लावायची. वर म्हणायची, "बसणाऱ्याला दिसत नाही हे खरं, पण खुर्चीला कळतं."

वेतवालीचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं तिला न्यायला आली तेव्हा सासू दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जायचं तर जा बाई, पण हातातली खुर्ची पुरी करून जा." ती खुर्ची पुरी झाली तोवर दुसरी आली होती, दुसरीपाठोपाठ तिसरी. माहेरची माणसं हेलपाटे घालून कंटाळली आणि तिचं जायचं राहूनच गेलं. पुढे दोघींत माया जडली, पण ती कुणी कुणाला बोलून दाखवली नाही. दिवसभर एकमेकींच्या चुका काढायच्या आणि जेवताना एकीने दुसरीच्या ताटात जास्त वाढायचं, एवढंच.

त्या गल्लीत सगळी हातावर पोट असलेली माणसं. वेतवालीच्या भिंतीला भिंत लागून शिंपीण राहायची. तिच्यापुढे बसचा ड्रायव्हर आणि त्याची बायको. त्यांच्यापुढे गोदामावर रात्रपाळी करणारा एक पहारेकरी, त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याने कानात सांगितलेली गोष्टही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. आणखीही घरं होती, पण त्यांची कथा यांच्याहून वेगळी नव्हती.

आता या गल्लीला एक रीत होती. ही रीत कधी पडली ते कुणी सांगू शकलं नसतं, पण सासूला विचारलं असतं तर तिने स्वतःकडेच मोठेपणा घेतला असता, आणि ते बहुधा खरंही होतं. कुणाच्या घरात पाहुण्याला बसवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून कधीतरी सगळ्यांनी वर्गणी काढली आणि एकदा पंखा घेतला, एकदा भिंतीवरचं घड्याळ, एकदा फुलांच्या नक्षीचे कप, एकदा गालिचा. चार खुर्च्यांच्या मोडक्या चौकटी कुठूनशा आल्या, त्या वेतवालीने विणून दिल्या, आणि ती तिची वर्गणी. ज्याच्या घरी पाहुणा यायचा त्याच्या घरी हे सगळं सामान आदल्या दिवशी जायचं, मागच्या खिडक्यांतून, म्हणजे रस्त्यावर दिसायला नको. पाहुणा गेला की ते तिथेच राहायचं, पुढचा पाहुणा कुणाकडे येईपर्यंत. पण मधल्या काळात कितीही उकडलं तरी त्या पंख्याचं बटण कुणी दाबलं नाही. ज्याच्या हातून कप फुटेल त्याने तो भरून द्यायचा. आणि सगळ्यांत कडक नियम हा की वस्तू कुणाची आहे हे पाहुण्याला मरेपर्यंत सांगायचं नाही.

गंमत बघा. त्याच गल्लीच्या तोंडाचा दिवा महिनोन्‌महिने बंद असायचा. तोही सगळ्यांचाच, पण तो बदलायला कुणी हात वर करत नसे. या सामानावर मात्र कधी धूळ बसली नाही. दिव्याच्या उजेडात कुणाची अब्रू नव्हती, सामानात प्रत्येकाची होती.

एकदा तर भोंग्याकडे त्याच्या बहिणीचे होणारे सासरे आले. चहा पिऊन उठले ते ओळख निघाली म्हणून ड्रायव्हरकडेही डोकावले. तिथे चहा आला. सासऱ्यांनी कप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा कप मी आत्ताच तिकडे पाहिला. त्याचाही कान इथेच उडालेला होता."

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "त्या कंपनीचे सगळे कप तसेच येतात."

ही गोष्ट गल्लीत पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली, आणि सांगताना सासू हसून हसून डोळे पुसायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे तिचं ठरलेलं वाक्य. मूठ झाकायला दहा घरांचे हात लागले तरी चालतील, पण ती उघडायची नाही.

मग सासूचं हृदय थकलं. आधी पाय सुजायला लागले, मग दोन पावलांवर धाप लागायला लागली. वेतवालीने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सरळ सांगितलं, एक गोळी आहे, रोज घ्यायची, कायम घ्यायची. घेतली तर म्हातारी हिंडतीफिरती राहील. नाही घेतली तर पाणी छातीपर्यंत चढेल. गोळी दवाखान्यात मिळत नव्हती, बाहेर मिळत होती, आणि बाहेरचा भाव असा की वेतवालीने दिवसरात्र विणलं असतं तरी अर्ध्या गोळ्याही आल्या नसत्या. त्यात लोक आता प्लास्टिकच्या खुर्च्या घ्यायला लागले होते. प्लास्टिकची खुर्ची तुटली की फेकतात, ती विणायला कुणी आणत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. वेतवाली जमतील तेवढ्या गोळ्या आणायची आणि एक दिवसाआड द्यायची. सासूची खाट तिने खिडकीशी लावली, हवा लागावी आणि पडल्या पडल्या गल्ली दिसावी म्हणून.

त्याच सुमाराला मदत कार्डाची बातमी आली. ज्यांचं खरंच काही नाही अशा घरांना धान्य, जळण आणि औषध फुकट मिळणार होतं. डॉक्टर म्हणाला, "कार्ड आणा, गोळ्या मी लिहून देतो, महिन्याच्या महिन्याला घरी येतील." गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांनी अर्ज केले. कळलं की कचेरीतून तपासणीच्या बाई येणार, प्रत्येक घर आतून बघणार आणि मग ठरवणार.

आदल्या दिवशी सासू खाटेवर उठून बसली. "सामान कुणाकडे आहे?"

"ड्रायव्हर भावजींकडे. का?"

"आणून घे. आपलं घर पहिलं आहे."

वेतवालीने हातातली पट्टी खाली ठेवली. "अहो आई, त्या गरिबी बघायला येतायत. गालिचा बघायला नाही."

"गरिबी बघायला येतायत म्हणून ती अंगावर घालून बसायचं?" सासूला धाप लागली, पण थांबली नाही. "पहिल्यांदा घरात येतायत त्या. त्यांना जमिनीवर बसवणार आहेस? उद्या अख्ख्या गावात सांगतील, या गल्लीत बसायला पाटसुद्धा नाही."

वेतवालीला ते पटलं नाही. पण शिंपीण म्हणाली, आई म्हणतात ते बरोबर आहे, साहेब लोक खूश झाले की काम होतं. ड्रायव्हर म्हणाला, माझ्या साहेबांपुढे मी कडक इस्त्रीचे कपडे घालून जातो म्हणूनच माझं ऐकतात. सगळ्यांनी आजवर वरच्या माणसाकडून जे काही मिळवलं होतं ते नीटनेटकं राहून मिळवलं होतं. फाटकं दाखवून काही मिळतं हा धडा त्यांना कुणी दिलाच नव्हता. संध्याकाळपर्यंत मागच्या खिडकीतून खुर्च्या आल्या, पंखा आला, घड्याळ भिंतीवर चढलं.

तपासणीच्या बाई तरुण होत्या आणि चालून चालून दमलेल्या होत्या. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी हुश्श केलं. पंख्याचा वारा लागला तसे त्यांचे डोळे क्षणभर मिटले. खाटेवरून म्हातारी अभिमानाने बघत होती. शिंपीण फुलांच्या कपातून चहा घेऊन आली आणि कप ठेवताना तिची नजर बाईंच्या मांडीवरच्या कागदावर गेली. कागदावर चौकोन होते. पंखा, एक खूण. घड्याळ, एक खूण. खुर्च्या, गालिचा, सगळ्यांपुढे खुणा. शिंपिणीला अक्षर फार येत नव्हतं, पण खुणा कशाच्या ते कळायला अक्षर लागत नाही. ती तशीच मागच्या दाराने बाहेर पडली आणि धावत पुढच्या घरांत सांगत सुटली की काही दाखवू नका, असेल नसेल ते दडवा.

इकडे बाईंनी विचारलं, "हा पंखा तुमचाच ना?"

वेतवाली "नाही" म्हणायला तोंड उघडते तोच सासू म्हणाली, "मग कुणाचा? आमच्या घरात आहे म्हणजे आमचाच."

वेतवालीने तोंड मिटलं. पाहुण्यापुढे सासूला खोटं पाडणं आणि गल्लीचा नियम मोडणं, दोन्ही तिला एकदम जमलं नाही. त्या एका क्षणाबद्दल तिने पुढे स्वतःला किती बोल लावले त्याला सुमार नाही.

बाई पुढच्या घराकडे वळल्या तेवढ्यात मागच्या दाराशी गर्दी झाली. शिंपीण इस्त्री घेऊन आली होती. ड्रायव्हरच्या बायकोच्या हातात प्रेशर कुकर आणि काखेत भिंतीवरचा आरसा. भोंग्याने रेडिओ आणला, मागून त्याची सायकल. तो आपल्या परीने कुजबुजला, आणि ते बाईंना कसं ऐकू गेलं नाही देव जाणे, "वहिनी, तुझं बघून झालंय, आता तुझ्याकडे कोण येतंय? घटकाभर ठेव."

वेतवालीने एकेक वस्तू आत घेतली. तिला राग आला नव्हता. उलट वाटलं, आपलं बिघडलं ते बिघडलं, यांचं तरी नीट होऊ दे. तिने सायकल स्वतःच्या हाताने भिंतीशी टेकवून ठेवली.

पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, भोळ्याला कुठल्याच वाटा ठाऊक नसतात. गल्लीचं शेवटचं घर बघून झाल्यावर तपासणीच्या बाई परत आल्या. त्यांची छत्री वेतवालीच्या खुर्चीला अडकवलेली राहिली होती. त्या आत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. मघाचं सगळं होतंच, त्यात आता रेडिओ, कुकर, आरसा, इस्त्री आणि सायकल.

"हे मघाशी नव्हतं," बाई म्हणाल्या. "हे कुणाचं?"

खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं, हे शेजाऱ्यांचं आहे. वेतवालीच्या ओठांवर ते आलंही. पण बाई त्या शेजाऱ्यांच्या रिकाम्या खोल्या नुकत्याच बघून आल्या होत्या. शिंपिणीचे अधू होत चाललेले डोळे, भोंग्याची म्हातारी आई, ड्रायव्हरची लहान मुलं, सगळी तिच्या डोळ्यांपुढून गेली.

"आमचंच आहे," ती म्हणाली.

बाईंनी छत्री घेतली, कागदावर आणखी खुणा केल्या आणि निघून गेल्या. सासू खिडकीकडे तोंड करून पडली होती. काय झालं ते तिला तेव्हाच कळलं असावं, कारण त्या दिवशी तिने जेवायचं ताट परत सारलं.

कार्डं आली. गल्लीतल्या सगळ्या घरांना आली, एक घर सोडून. भोंग्याकडे धान्याचं पोतं आलं तेव्हा त्याने ते गुपचूप आत नेलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. सगळ्यांना वाईट वाटलं, हे मी खात्रीने सांगतो. वाईट वाटणं खोटं नव्हतं. कुणी वाटीभर धान्य आणून दिलं, कुणी जळणाची मोळी ठेवून गेलं. पण गोळी ज्याच्या त्याच्या नावावर यायची, ती कुणाच्या वाटीतून आणून देता येत नव्हती.

वेतवाली कचेरीत गेली. टेबलामागच्या गृहस्थांनी तिचं ऐकून घेतलं. ते उद्धट नव्हते. म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंय की सामान तुमचं."

"ते सगळ्यांचं आहे साहेब. थोडं माझं, थोडं त्यांचं."

"सगळ्यांचं असं काही आम्हाला लिहिता येत नाही. प्रत्येक वस्तूला मालक लागतो." मग त्यांना दया आली असावी. "असं करा. ज्यांचं जे आहे त्यांना सोमवारी घेऊन या. एकेकाने एकेक वस्तू आपली आहे म्हणून सांगावं. एखाददुसऱ्या वस्तूने कुणाचं कार्ड जात नाही. तुमच्याकडे सगळं एका ठिकाणी सापडलं म्हणून अडलंय."

"म्हणजे सगळे आले तर कुणाचंच जाणार नाही?"

"नाही. पण सगळे यायला हवेत. अर्धे आले तर उरलेलं सामान कुणाच्या तरी गळ्यात पडणारच. आणि आलेल्यांनी तपासणीत ते का लपवलं, हेही मग विचारावं लागेल."

ती धावतच घरी आली. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा फुलला नव्हता. घरोघर गेली आणि साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. "तुम्ही फक्त घड्याळ म्हणा. तुम्ही फक्त पंखा. तुझी इस्त्री आणि एक खुर्ची, बस्स." सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं. एवढंच ना, येऊ की, त्यात काय. ड्रायव्हर म्हणाला, मी रजा टाकतो. भोंगा म्हणाला, "मी सगळ्यांच्या पुढे असेन," आणि ते पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं. शिंपिणीने तिला जवळ घेतलं. सासूने रात्री दोन घास जास्त खाल्ले आणि विचारलं, "सगळे येणार?"

"सगळे."

"येणारच. आपली गल्ली आहे," सासू म्हणाली.

सोमवारी सकाळी वेतवाली धुतलेलं लुगडं नेसून गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. गल्ली मोकळी होती. दारं लोटलेली. तिला वाटलं, आपणच लवकर आलो. मग वाटलं, ड्रायव्हरला रजा मिळाली नसेल, तर बाकीचे येतील. मग वाटलं, एकाने दार उघडलं की सगळी उघडतील.

तिचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि घातही तिथेच झाला. प्रत्येक दाराआड एकेक माणूस कपडे करून तयार उभं होतं. हे पुढे शिंपिणीनेच तिला सांगितलं. शिंपीण चपला घालून फटीतून ड्रायव्हरच्या दाराकडे बघत होती, ते उघडलं की निघायचं म्हणून. ड्रायव्हर भोंग्याच्या दाराकडे बघत होता. भोंगा रात्रपाळीवरून येऊन न झोपता बसला होता आणि शिंपिणीच्या दाराकडे बघत होता. प्रत्येकाच्या मनात तेच. सगळे गेले तर माझ्या एकट्यावाचून काय अडणार आहे? आणि बाकीचे नाही गेले तर मी एकटाच जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घ्यावा? दोन्ही बाजूंनी बघितलं तरी घरात बसणं शहाणपणाचं ठरत होतं. हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या दाराआड केला आणि प्रत्येकाचा बरोबर आला. सगळ्यांचे हिशेब बरोबर आले आणि म्हातारीच्या गोळ्या गेल्या.

ऊन चढलं तेव्हा वेतवाली एकटीच निघाली. कचेरीतल्या गृहस्थांनी तिच्या मागे पाहिलं, कुणी नव्हतं, आणि मग काही विचारायचं उरलं नाही. परतीच्या वाटेवर तिला रडू आलं नाही. तिला फक्त एवढंच कळेना की घरी जाऊन काय सांगायचं. जी बाई जन्मभर या गल्लीची मूठ झाकत आली, तिला कसं सांगायचं की मुठीत कुणीच नव्हतं?

सासू वाट बघत होती. "काय झालं?"

"नाही म्हणाले."

"आणि आपली माणसं?"

वेतवालीने पाण्याचा तांब्या उचलला, म्हणजे तोंड दुसरीकडे करता यावं. "आली होती सगळी. भोंगा भावजी तर भांडायला उठले. साहेबच ऐकेना."

सासूने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "आली ना? मग झालं तर."

पुढचे दिवस फार वाईट गेले. वेतवाली दिवे लागले तरी विणत बसायची, पण वेत मिळाला तर खुर्ची नसायची आणि खुर्ची मिळाली तर वेताचे पैसे नसायचे. गोळी एक दिवसाआडची तीन दिवसांआड झाली. सूज पायांवरून मांड्यांवर आली. सासूला आडवं झोपता येईना, ती उशीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढायची आणि वेतवाली तिच्या पाठीला हात लावून बसायची.

शेजारी भेटायला यायचे. आधी चुकारपणा केला, पण आजारी माणसाला किती दिवस टाळणार? पहिल्यांदा ड्रायव्हर आला. सासूने त्याचा हात धरला. "बाबा रे, तू रजा टाकून आलास त्या दिवशी. सूनबाईने सांगितलं मला. कोण करतं एवढं?" ड्रायव्हर उभ्याचा बसला. त्याने वेतवालीकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून पट्टी ओढत होती. भोंगा आला. त्यालाही सासू म्हणाली, "माझ्यासाठी साहेबाशी भांडलास. पोटच्या पोराने केलं नसतं."  भोंगा आला तसा गेला आणि कोपऱ्यावर जाऊन कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शिंपिणीला मात्र ते सोसवलं नाही. सासूने तिच्या तोंडावरून हात फिरवून "तू तर माझी लेकच" म्हटलं, तशी ती बाहेर आली आणि वेतवालीचं मनगट धरून म्हणाली, "का असं सांगितलंस त्यांना? त्यापेक्षा माझ्या थोबाडीत मारायचीस."

वेतवाली हळूच म्हणाली, "त्यांना याच गल्लीत मरायचंय. आणि मला त्यांच्यामागेही इथेच राहायचंय."

शिंपीण तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग दाराआडची सगळी कथा तिने सांगितली, चपलांसकट. वेतवालीने ऐकून घेतली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि नाही केलं असंही नाही.

ती आत गेली तेव्हा सासू टक्क जागी होती. डॉक्टर त्या सकाळी येऊन गेला होता आणि बाहेर नेऊन वेतवालीला म्हणाला होता की आता फार दिवस नाहीत. ते सासूला कुणी सांगितलं नव्हतं.

"रडली का ती?" सासूने विचारलं.

"कोण?"

"शिंपीण."

वेतवाली तिची उशी सारखी करायला लागली.

"बस इथे," सासू म्हणाली. बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "खाट खिडकीशी कुणी लावली? तूच ना? तू त्या दिवशी कोपऱ्यावर उभी होतीस. ऊन तुझ्या डोक्यावर येईपर्यंत उभी होतीस. मी बघत होते. एक दार उघडलं नाही."

 वेतवाली खाटेच्या कडेला टेकली. "मग मला बोलला का नाहीत, आई?"

"तू इतकं सांभाळून सांगत होतीस. मला मोडवेना."

"आणि त्यांचे आभार? एकेकाला हात धरून?"

सासू हसली, पण त्यात श्वास फार गेला. "शिव्या घातल्या असत्या तर दोन दिवस मान खाली घातली असती आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले असते, म्हातारी फाटक्या तोंडाची होती. शिवीची फेड होते. याची होत नाही." ती पुन्हा थांबली. "मी गेल्यावर तुला कुणी नाही. ना मूल, ना माहेर. आता तू आजारी पडलीस तर त्यांना तुझ्या दारावरून तसंच पुढे नाही जाता येणार. माझ्याजवळ तुला द्यायला दुसरं काय होतं?"

तेव्हा वेतवाली रडली. त्या घरात ती पहिल्यांदाच अशी रडली असेल, नवरा गेला तेव्हाही नव्हती. तिने सासूच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने, गळा काढून रडली. सासूचा हात तिच्या केसांवर होता.

"खिडकी लोटून घे," थोड्या वेळाने सासू म्हणाली. "रस्त्यावरून दिसतंय."

"दिसू दे, आई," वेतवाली म्हणाली.

सासूने हट्ट धरला नाही. बाहेर भोंगा पाळीवर निघाला होता. तो खिडकीशी आला, आत पाहिलं, आणि डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या मागून ड्रायव्हरची बायको आली, तीही थांबली. वेतवालीने मान वर केली. दोघांकडे पाहिलं आणि डोळे न पुसता पुन्हा पायांवर डोकं ठेवलं.